बाई काय म्हणतात

विहिरीत दोर सोडला की आधी बादली कोरड्या दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, मग जरा वेळानं खरडल्याचा. त्या खरडण्यात जेवढी ओल तेवढंच पाणी. सून काठावर ओणवी होऊन दोर हळूहळू फिरवी, आणि अर्धी बादली गढूळ पाणी वर आलं की दुहेरी फडक्यातून ते हंड्यात गाळी. दोन महिने असंच चाललं होतं. घरात अकरा बायका, चार मुली, एक आंधळी आत्या आणि खाटेवर बाई.

घर म्हणजे संस्थेचं घर. नवऱ्याच्या दारातून निघालेल्या, काढलेल्या, पळालेल्या बायकांसाठी बाईंनी ते बावीस वर्षांपूर्वी बांधलं. मागच्या दोन खोल्यांत त्यांचा स्वतःचा संसार. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी, आणि ही सून. सूनही मुळात त्या बायकांतलीच. दहा वर्षांपूर्वी ती अंगावरच्या कपड्यानिशी या फाटकातून आत आली. तिसऱ्या दिवशी तिचे लोक न्यायला आले, तेव्हा बाईंनी फाटकात उभं राहून एवढंच सांगितलं की ती जेवते आहे. लोक दिवस मावळेपर्यंत थांबले. दर वेळी बाई तेच सांगत राहिल्या. शेवटी त्यातला एक म्हणाला, बाई जेवते की पंगत उठवते, आणि ते निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी उरली.

संस्थेची समिती सहा जणींची, आणि वर अध्यक्ष बाई. सचिव मास्तरीण, शाळेतून निवृत्त झालेली, तरी वहीत पट्टी धरून लिहिणारी. मग सुईण, दूधवाली, गिरणीवाली आणि पलीकडच्या वस्तीवरच्या दोघी जावा, ज्यांतल्या एकीनं हात वर केला की दुसरीची काख आपोआप दिसे. सुरुवातीला निम्म्या जणींना सही येत नव्हती, म्हणून एक रीत पडली. बोलणं झालं, हात मोजले, की शेवटी बाईंनी ‘झालं’ म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय मास्तरीण पेनाचं टोपण काढत नसे. पुढे सगळ्या सही शिकल्या, पण रीत तशीच राहिली. बाई आहेत ना, मग सहीचं काय एवढं.

झटक्यानंतरची पहिली बैठक खाटेभोवती भरली. विषय साधा होता, छपराचे दोन पत्रे. हात वर झाले, खाली आले, आणि सगळ्या बाईंकडे बघायला लागल्या. बाईंचं तोंड वाकडं उघडलं. हनुवटीवरून लाळ गळ्याकडे उतरली. घशात नुसती घरघर. सुईणीनं आयुष्यभर बायकांच्या देहाचं काय काय पाहिलेलं, तिनंसुद्धा मान खाली घातली. सून पाठीशी बसून बाईंचा डावा हात चोळत होती. तिला ते बघवेना.

“झालं म्हणतात,” ती म्हणाली.

मास्तरणीनं टोपण काढलं.

बाईंनी तळव्यात बोट दाबलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. मग तिनंच ठरवून सगळ्यांना सांगितलं की एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. सुनेचा एक नेम होता. रोज सकाळी पाण्याचा घोट घेण्याआधी देवापुढं हात जोडून ती म्हणे, आज खोटं बोलणार नाही. दिवेलागणीला, दिवसभरात जे सुटलं असेल त्याची माफी मागे. त्या दिवशी माफी मागावी की नको हे तिला कळलं नाही. नुसतीच बसून राहिली.

उन्हाळा लागला तसं बोट मंदावलं. कधी दाब लागल्यासारखा वाटे, कधी नुसती शीर उडे. पण बैठका काही थांबत नव्हत्या. कोणाला कुठली खोली द्यायची, कुठल्या मुलीला शाळेत घालायचं, पाणी आणायच्या पाळ्या कशा लावायच्या, प्रत्येक गोष्ट येऊन खाटेशी अडायची. बाई काय म्हणतात, असं विचारून सगळ्या सुनेच्या तोंडाकडे बघायच्या. ती हात हातात घेऊन थोडा वेळ डोळे मिटायची आणि सांगायची.

एकदा ती नुसतंच ‘झालं’ म्हणाली. पुढचं ‘म्हणतात’ राहून गेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, मास्तरीण लिहूही लागली. पण सुनेच्याच कानाला ते परकं लागलं. जाड, खालच्या पट्टीतलं, तोंडात जरा घोळून बाहेर पडल्यासारखं. तिचा स्वतःचा आवाज बारीक होता. सासूच्या हाताखाली दहा वर्षांत तो आणखीच बारीक झाला होता.

मग बांधाचं झालं. शेजारचा शेतवाला घराच्या मागच्या बांधावर हक्क सांगायला लागला होता. बैठकीत सगळ्या हताश बसलेल्या असताना सुनेनं बाईंचा हात धरला आणि म्हणाली, कोपऱ्यातल्या झाडापासून सात पावलांवर, कमरेइतका खोल, चुन्यानं रंगवलेला दगड आहे. दुसऱ्या दिवशी खणलं तर दगड निघाला. चुना अजून दगडाच्या खळग्यांत होता.

मास्तरीण तिला विहिरीवर एकटी गाठून म्हणाली, “तो दगड पुरताना आम्ही दोघीच होतो. बाई आणि मी. तुला कोणी सांगितलं?”

“बाईंनी.”

“बोटांनी?”

सुनेनं दोर गोळा करायला घेतला. बोटानं हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. सात पावलं कशी सांगता येतील? तिनं आठवून पाहिलं, पण बोलण्याआधी तिला काय ठाऊक होतं ते तिला आठवेना. मास्तरणीनं आणखी विचारलं नाही. सुनेचा भरलेला हंडा मात्र तिनं स्वतः उचलून दिला, जसा ती पूर्वी फक्त बाईंना द्यायची.

पुढं लहान लहान गोष्टी होत गेल्या. आंधळी आत्या ओसरीत दोऱ्या वळत बसलेली असायची. सून समोरून गेली की ती पाय जवळ घेऊन म्हणायची, “आज लवकर उठलात बाई.” सुनेनं दोनदा तिला समजावलं की आत्या, मी आहे. तिसऱ्यांदा समजावलं नाही. नवरा दोन दिवसांसाठी आला, तेव्हा विहिरीचा रहाट खिळखिळा झाला होता तो आवळून देत होता. ती मागून बादली घेऊन आली. त्यानं मान न वळवता म्हटलं, “आई, पाना दे.” मग वळून हसायला लागला. म्हणाला, बायकोला आई म्हणायची वेळ आली, आता ट्रकच्या मालकाला बाप म्हणायचं तेवढं राहिलं. तीही हसली. पण जेवताना तो तिच्याकडे बघत राहिला. निघताना चप्पल घालत त्यानं हलकेच विचारलं, “आई म्हणते ते तू सांगतेस, की तू म्हणतेस ते आई?” तिनं डबा त्याच्या हातात दिला.

उन्हाळा डोक्यावर आला असताना शिंपीण आसऱ्याला आली. तिचा डावा हात कोपरापासून भाजून आखडलेला होता, तरी तिसऱ्या दिवशी तिनं घरातलं बंद पडलेलं शिलाई मशीन उघडून, तेल घालून चालू केलं. नवऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही. कोणी फार विचारलं तर हाताकडे बघायची आणि म्हणायची, वाचा की, इथंच आहे सगळं.

तिचा थोरला दीर मोठा असामी होता. पंचक्रोशीत पाणी होतं ते फक्त त्याच्या बोअरला. पहिल्यांदा आला तो फाटकाबाहेर नम्रपणे उभा राहिला. म्हणाला, पाणी काय, देवाचं. दोन दिवसांत पाइप टाकून या फाटकापर्यंत आणून देतो, मुली वणवण हिंडताना बघवत नाही. जाता जाता म्हणाला, “तेवढं आमचं माणूस आमच्या घरी पाठवा. लोक काय म्हणतील, पाणी दिलं आणि सून गमावली.” आणि आपल्याच बोलण्यावर हसला.

त्या आठवड्यात विहीर खरडूनही काही येईना. बायका तासभर चालून ओढ्याच्या पात्रात खड्डे खणायच्या, त्यात झिरपलेलं वाटीवाटीनं भरायच्या. चारांपैकी दोन मुलींना जुलाब लागले. सुईण दिवसातून दोनदा येऊन त्यांचे ओठ ओले करायची. तिनंच बैठक बोलवायला लावली. ती वाईट बाई नव्हती. तिनं सरळ हिशेब मांडला. एकीसाठी बाकीच्यांनी तहानेनं मरायचं का, आणि ती एक तिथं गेली तरी मरणार नाही, मारच खाईल, तो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खाल्ला आहे.

बैठकीला चार दिवस होते. हात कसे पडणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. सुईण आणि दोघी जावा पाठवावं म्हणणाऱ्या. मास्तरीण, दूधवाली, गिरणीवाली ठेवावं म्हणणाऱ्या. तीन आणि तीन. राहिल्या बाई.

सून रोज बाईंना कुशीवर वळवी, पाठ कोरड्या फडक्यानं पुसून काढी, कारण पाणी पिण्यापुरतंच होतं. पाठीला जिथं कातडी लाल व्हायला लागली होती तिथं तेलाचा हात फिरवी. पहिल्याच दिवशी, पाठ पुसून झाल्यावर, दार लोटून घेऊन तिनं बाईंचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, शिंपिणीला पाठवायचं का?

बोट दाबलं गेलं. एकदा. दोन महिन्यांत पहिल्यांदा इतकं स्वच्छ की तिच्या तळव्यात नखाची खूण उमटली.

ती थांबली. मग उलटं विचारलं, ठेवून घ्यायचं का? दोनदा.

“मला नाही दिलंत तुम्ही,” ती म्हणाली.

बाई छताकडे बघत होत्या. बोट हललं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सून पाणी आणायला जाताना, येताना, ओढ्याच्या वाळूत गुडघे रोवून वाटी बुडवताना त्याच विचारात होती. इतके दिवस बोट बोलत नव्हतं तेव्हा ती आपल्या मनचं सांगत आली होती, आणि ते सगळं बाईंच्या नावानं वहीत चढलं होतं. आता बोट बोलतंय, तर खोटं सांगायचं? आणि खरं सांगितलं तर शिंपीण संध्याकाळी त्या माणसाच्या गाडीत बसेल. शिंपीण हे सगळं जाणून होती. तिनं एकदाच, मुलींचे फाटके परकर शिवताना, वर न बघता विचारलं, “बाई काय म्हणतात माझ्याबद्दल?” सून म्हणाली, अजून विचारलं नाही. त्या संध्याकाळी दिव्यापुढं तिला बराच वेळ बसावं लागलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी तिनं बाईंना पातळ भात भरवला. चार चमचे. पाचव्याला बाईंनी ओठ मिटले. मग ती पाण्याला गेली. आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि सहाही जणी खाटेभोवती बसलेल्या होत्या. खोलीत पत्र्याचा तवा झालेला. मास्तरीण वहीनं वारा घेत होती.

बोलणं फार झालं नाही. सुईणीनं आपलं मांडलं. दूधवाली म्हणाली, आज शिंपीण दिली तर उद्या पाण्यासाठी कोणाकोणाला द्यायचं, यादी करून ठेवा. गिरणीवाली म्हणाली की घर उघडलं ते नेमकं कशासाठी, हे एकदा वहीत वाचा. धाकटी जाऊ म्हणाली, वही वाचून तहान भागत नाही. हात मोजले. तीन आणि तीन.

“विचार बाईंना,” मास्तरीण म्हणाली.

सून खाटेच्या कडेवर बसली आणि तिनं हात हातात घेतला. त्या भट्टीसारख्या खोलीत तो हात विहिरीच्या तळच्या दगडासारखा गार होता. आणि ताठ. बोटं तळव्याकडे वळून लाकडासारखी झाली होती. तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे अर्धे उघडे, रोजच्यासारखेच छताकडे. छातीवरची चादर हलत नव्हती. बाहेर कुठंतरी दोर ओढल्याचा आवाज येत होता. सहा जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

तिनं मनातसुद्धा काही विचारलं नव्हतं. तरी त्या ताठ हातातलं एक बोट तिच्या तळव्यावर टेकलं आणि दाबलं गेलं. एकदा.

हात सोडून द्यावा असं तिला वाटलं, पण सोडता येईना. तिच्या घशात ते जाड, खालच्या पट्टीतलं काहीतरी वर येऊन बसलं होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिनं दात आवळून धरले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आवळून धरले. मग ते खाली उतरलं, आणि तिचा स्वतःचा बारीक आवाज, चिरकल्यासारखा, बाहेर आला.

“बाई काही म्हणत नाहीत. बाई गेल्या.” आणि कोणी उठायच्या आत, “मी म्हणते, शिंपीण जाणार नाही.”

सुईण उठून आली. नाकाशी तिनं हाताची पाठ धरली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि मागं झाली. दोघी जावा एकदमच रडायला लागल्या. मास्तरीण मात्र जागची हलली नाही. अगदी हळू, वाईट वाटत असल्यासारखी ती म्हणाली, “तू समितीत नाहीस गं. तुझा हात धरता येत नाही.”

हे खरं होतं. सहा महिने सगळं तिच्या तोंडून ठरलं होतं आणि तिचं नाव कुठल्याच पानावर नव्हतं. सून मान खाली घालून बसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तिनं कबूल केलं की उन्हाळा लागल्यापासून बऱ्याच वेळा बाईंनी काही सांगितलं नव्हतं, तिचं तीच बोलत होती.

“आम्हाला काय कळत नव्हतं?” गिरणीवाली म्हणाली. “सोयीचं होतं सगळ्यांना.”

मास्तरणीनं वहीच्या मागच्या पुठ्ठ्यातून नियमांचे पिवळे कागद काढले. बाईंच्याच अक्षरातले. बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत. अध्यक्ष नसेल तर नवी निवड होईपर्यंत आहे ते तसंच. तिनं ते दोनदा वाचलं. निवडीला पंधरा दिवसांची मुदत होती.

“म्हणजे आज जात नाही,” सुईण म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती. “आणि मुलींच्या तोंडात मी काय घालू ते आता तुम्ही तिघी सांगा.” मग तिनं पदर खोचला आणि विचारलं, घरात पाणी किती आहे.

दोन हंडे होते. एक मुलींसाठी राखला, एकात बाईंची आंघोळ. सुईण आणि सून दोघींनीच ती घातली. वळलेली बोटं सरळ करायला सुईणीला फार कष्ट पडले. ती कोपर चाचपून, मान उचलून बघत होती.

“ही पहाटेचीच गेलीय,” ती म्हणाली.

“सकाळी मी भात भरवला. चार चमचे.”

“गिळला?”

“गिळला. पाचव्याला तोंड मिटलं.”

सुईणीनं बाईंची हनुवटी मोठ्या जोरानं खाली ओढून आत पाहिलं. तोंड कोरडं, स्वच्छ होतं. तिनं ते पुन्हा मिटलं आणि पुसायचं फडकं सुनेच्या हातातून काढून घेतलं. “तू बाहेर जाऊन बस जरा,” ती म्हणाली.

मुलाला निरोप गेला. तो उद्या सकाळपर्यंत पोचणार होता. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना, घरातल्यांना पाणी लागणार होतं, म्हणून मास्तरणीपासून जावांपर्यंत सगळ्या समितीनं हंडे उचलले आणि घरातल्या बायकांबरोबर त्या ओढ्याकडे निघाल्या. वीसेक वर्षांत पहिल्यांदाच समिती रांगेनं पाण्याला निघाली होती, आणि दूधवाली म्हणाली की बाईंनी हे बघायला हवं होतं. मुली आत्याजवळ ओसरीत झोपल्या होत्या. आत बाईंजवळ शिंपीण बसली. सून अंगणात एकटीच.

ऊन पिवळं झालं होतं तेव्हा ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉलीत निळ्या पाइपांची वेटोळी. दीर उतरून फाटकाशी आला. त्याला अजून कळलेलं नव्हतं.

“काय म्हणतात बाई?” त्यानं विचारलं. “पाइप घेऊनच आलोय.”

सुनेनं आतून कडीवर हात ठेवला. “मी सांगते. ती येणार नाही.”

“तू कोण?”

त्याला टोचून बोलायचं नव्हतं, तो खरोखरच विचारत होता.  सून अध्यक्ष नव्हती, सभासद नव्हती, पंधरा दिवसांनी काय ठरणार ते तिला ठाऊक नव्हतं.

“मी कडीवर आहे,” ती म्हणाली. “आणि कडी काढत नाही.”

त्यानं हसून तिच्या हातावरून हात घालून कडी धरली. तिच्या मनगटापेक्षा त्याचं मनगट दुप्पट होतं. कडी कुरकुरली, अर्धी सरकली. मग त्याची नजर वर उठली, तिच्या खांद्यावरून मागं, ओसरीच्या पायऱ्यांकडे गेली. त्याचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं हात काढून घेतला, तो कुठं ठेवावा कळत नसल्यासारखा अंगरख्याला पुसला आणि डोळे खाली घातले.

“रागावू नका बाई,” तो म्हणाला. सुनेशी नव्हे. “मी नुसता विचारायला आलो होतो.”

तो उलट्या पावलांनी ट्रॅक्टरपर्यंत गेला. पाइप घेऊन गाडी वळली आणि धूळ बराच वेळ रस्त्यावर तरंगत राहिली.

सुनेनं कडी पुन्हा पूर्ण सारली. आत शिंपीण बाईंजवळ बसलेली होती, मधूनच तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मुली झोपल्या होत्या. ओढ्याकडून अजून कोणी परतलं नव्हतं. तिच्या मानेच्या मागं, केसांच्या मुळाशी गारवा लागत होता, आणि पायरीवर कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतल्यासारखं वाजलं. बाईंचा राग त्या माणसावर होता की तिच्यावर, हे मागं वळल्यावर कळलं असतं. पण वळली असती तर विचारावं लागलं असतं, आणि तिला आता विचारायचं नव्हतं. रस्त्याच्या टोकाला हंड्यांची रांग दिसेपर्यंत ती तशीच, दोन्ही हात कडीवर ठेवून, फाटकाबाहेर बघत उभी राहिली.